जवळचे ऐकू येईना, दूरचे ऐकू येते!

आज एक कोडे घालतो. समजा, दोंडाईच्यात एक हौशी रेडिओचालक राहतो. सरकारी परीक्षा देऊन, परवाना मिळवून, स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या माणसांशी बोलणाऱ्या अशा छांदिष्टांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. हा हॅम दुपारी १४ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर हाक घालतो. सुमारे ४,९०० किलोमीटर दूर असलेल्या मॉस्कोहून त्याला उत्तर येते. पण सुमारे ११० किलोमीटरवर, जळगावात कान लावून बसलेल्या त्याच्या मित्राला मात्र काहीच ऐकू येत नाही! दोघांचीही यंत्रे ठीक आहेत. मग असे का व्हावे?

पहिली अडचण पृथ्वीच्या गोलपणाची. रेडिओ लहरी प्रकाशाप्रमाणेच सरळ रेषेत जातात. दोंडाईच्याहून मुंबई सरळ अंतराने सुमारे ३०० किलोमीटर आहे. या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा कल्पिली, तर मध्यावर जमिनीचा फुगवटा तिच्या वर सुमारे पावणेदोन किलोमीटर येतो. म्हणजे वाटेत सह्याद्री नसता, तरीही १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईहून उंच आडोसा तेथे आहेच! काही लहरी जमिनीला धरूनही जातात. पण १४ मेगाहर्ट्झला त्या थोड्याच अंतरात क्षीण होतात.

मग मॉस्को कसे गाठले? आकाशाच्या मदतीने. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण वातावरणाच्या वरच्या विरळ थरांतील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. सुमारे ६० किलोमीटरपासून वर पसरलेल्या या विद्युत्‌भारित भागाला ‘आयनांबर’ म्हणतात. त्यात शिरलेली लहर हळूहळू वाकते आणि पुरेशी वाकली, की जमिनीकडे परतते.

पण प्रत्येक लहर परतत नाही. तापीच्या संथ पाण्यावर चपटा दगड तिरका फेकून पाहा. तो टप्पे घेत दूर जातो. तोच दगड उभा टाकला, तर सरळ बुडतो. लहरींचेही तसेच आहे. क्षितिजाच्या बाजूने तिरकी गेलेली लहर थोडी वाकली तरी परत फिरते व हजारो किलोमीटरवर उतरते. तेथून पुन्हा वर उडून दुसरा टप्पा घेते. अशा दोन टप्प्यांत मॉस्को येते. जळगावला उतरण्यासाठी मात्र लहर जवळजवळ उभी वर जायला हवी; आणि अशी १४ मेगाहर्ट्झची लहर बहुतेक वेळा आयनांबर भेदून अवकाशात निघून जाते. भूलहर संपते तेथपासून आकाशलहर उतरते तेथपर्यंतच्या या पट्ट्याला ‘मूक प्रदेश’ म्हणतात. जळगाव नेमके त्यात सापडले!

यावर उपाय सोपा आहे. कंप्रता जितकी कमी, तितकी लहर अधिक वाकते. दोघेही ७ मेगाहर्ट्झवर आले आणि सुमारे २० मीटर लांबीची तार जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी बांधली, तर उभी गेलेली लहर दिवसा कारंज्याच्या पाण्यासारखी सभोवार खाली येते. मूक प्रदेश भरून निघतो.

मग सगळे काम कमी कंप्रतेवरच का करू नये? कारण आयनांबराचा सर्वांत खालचा ‘डी’ थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला, की हा थर विरतो. म्हणूनच मध्यमलहरींवरची दूरची केंद्रे दिवसा हरवतात आणि रात्री ऐकू येतात.

ही वाट शोधण्यात हौशी मंडळींचा मोठा वाटा आहे. दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरी एके काळी दूरच्या कामाला निरुपयोगी मानल्या जात, म्हणून अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना तिकडे ढकलले. पण नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे शंभर मीटरच्या लहरींवर अटलांटिक महासागरापलीकडे संभाषण केले. टाकाऊ ठरवलेल्या लहरी सर्वांत लांब पोहोचल्या!

हे ज्ञान नुसत्या छंदापुरते नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी मदतीला धावली. अशा वेळी निरोप मॉस्कोला नव्हे, शंभर किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी पोहोचावा लागतो. कंप्रता चुकली, तर उत्तम यंत्र असूनही निरोप मदत करणाऱ्यांच्या डोक्यावरून निघून जाईल.

आता एक प्रयोग करा. घरी मध्यमलहरींचा जुना रेडिओ असेल, तर दुपारी बारा वाजता आणि रात्री नऊ वाजता तबकडीचा काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ऐकू आलेली केंद्रे वहीत लिहा. आठ दिवसांनी दोन्ही याद्या ताडून पाहा. डोक्यावरचा तो न दिसणारा थर रोज कधी येतो आणि कधी जातो, हे तुमचीच वही सांगेल. आणि वयाची बारा वर्षे पूर्ण झाली असतील, तर हॅमची परीक्षा तुम्हालाही देता येईल!