अधिकार आणि इशारा

चि. बाळास,

वाचनालयातील संगणकाची व्यवस्था तुझ्या हवाली झाल्याचे तुझ्या पत्रात वाचून संतोष वाटला. परंतु वाचक आपापली अकाउंट उघडी टाकून निघून जातात आणि संध्याकाळी तू ती सारी एकदम बंद करून टाकतोस, हे जे तू त्याच पत्रात सहजगत्या लिहिले आहेस, त्याविषयी चार शब्द सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

तुझी अडचण खरी आहे. ‘स्विच युजर’ करून उठलेल्या माणसाचे प्रोग्राम पडद्याआड चालूच राहतात, मेमरी अडवून ठेवतात, आणि अशी तीन-चार खाती साचली म्हणजे जुने यंत्र रखडू लागते. नुसते ‘डिस्कनेक्ट’ करून ती मेमरी मोकळी होत नाही. त्यासाठी साइन आउटच करावे लागते, आणि टास्क मॅनेजरच्या ‘युजर्स’ या विभागातून दुसऱ्याला साइन आउट करण्याचा अखत्यार विंडोजने अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला दिलेला आहे. मात्र त्याच क्षणी त्या वाचकाचे न साठवलेले लिखाण नष्ट होऊ शकते. वर्ड सामान्यतः दर 10 मिनिटांनी राखीव नोंद घेते खरे, पण एखाद्या संकेतस्थळावर अर्धवट भरलेल्या नोकरीच्या अर्जाला असा आधार असेलच असे नाही, आणि तो अर्ज भरणाऱ्याच्या घरी दुसरा संगणक बहुधा नसतो.

एक यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धती फर्नांदो कोर्बातो यांनी 1961 साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये प्रत्यक्ष चालवून दाखविली, आणि प्रत्येकाचे दप्तर प्रत्येकापाशी सुरक्षित राहावे म्हणून पासवर्डाची योजनाही तेथे झाली. पुढे युनिक्स या संगणकप्रणालीमध्ये सर्व उपस्थितांच्या पडद्यावर एकदम निरोप धाडणारी ‘वॉल’ ही आज्ञा आली, आणि यंत्र बंद करण्यापूर्वी सर्वांना इशारा देण्याचा प्रघात पडला. ज्यांच्या हाती यंत्राची संपूर्ण सत्ता होती, त्यांनीच त्या सत्तेला पूर्वसूचनेचे बंधन घालून घेतले, ही गोष्ट तू नीट ध्यानात घे. आजही इतरांची खाती उघडी असताना यंत्र बंद करू गेल्यास त्यांचे काम वाया जाण्याचा इशारा विंडोज देते. तो न वाचता पुढे जाऊ नकोस.

म्हणून वाचनालय बंद होण्याच्या अर्धा तास आधी सर्वांना काम साठविण्यास सांगावे, तसा फलक कायमचा लावावा, अनुपस्थित वाचकास शक्य तर दूरध्वनी करावा, आणि ही मुदत सरल्यावरच त्याचे खाते बंद करावे. मग संकोचाचे कारण नाही. पुढच्या वाचकाचाही त्या यंत्रावर हक्क आहे. काम वाचविण्याच्या सद्‌हेतूनेही कोणाचा पासवर्ड मागू नकोस, की बदलून आत शिरू नकोस. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी अन्वये 3 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तथापि तुझ्या सचोटीला कायद्याच्या धाकाची गरज पडू नये, अशी माझी अपेक्षा आहे.

जेथे सर्वांसाठी विंडोजचे एकच सामाईक अकाउंट असते, तेथे ब्राउझरमधील ई-मेल विंडोजमधून साइन आउट केल्यानेही मिटतेच असे नाही. अशा यंत्रावर क्रोमचा ‘गेस्ट’ प्रकार सुरू करून दे, म्हणजे सर्व खिडक्या मिटताच आतील नोंदी पुसल्या जातील. आणि कोणाची टपाल-पेटी उघडी सापडलीच, तर एक ओळही न वाचता ती बंद कर. वाचक त्या खुर्चीवर बसून आपले अर्ज, आपली टपाल, आपल्या विवंचना निःशंकपणे उघडतो, तो विश्वास तुझ्या अधिकाराहून मोठा आहे, आणि त्याचे रक्षण करण्यासाठीच हा अधिकार तुला मिळाला आहे. उद्याच फलक लाव.

तुझा,
मामा