यादी पाठ झाली तरी वाचायचीच

महाड, जि. रायगड

चि. बायस,


पोलादपूरहून ताईचा फोन आला. तू बारामतीला लवकरच एकटीने विमान उडवणार, हे सांगताना तिचा ऊर भरून आला होता आणि जीवही टांगणीला लागला होता. 3 मे 2024 ला आपल्या महाडात हेलिकॉप्टर उतरताना कोसळलं, पायलट बचावला. ते तिच्या मनातून अजून जात नाही. तिची समजूत मी घालतो. पण हवाई दलात जमिनीवर राहून विमानं उड्डाणासाठी तयार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून तुला थोडं सांगायलाच हवं.

उड्डाणाआधीच्या तपासणीची यादी पाठ झाली की धोका वाढतो. तोंड 'झालं' म्हणतं, हात तिथवर पोचलेलाच नसतो. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 उडताच कोसळलं. मेजर प्लॉयर हिल कसलेले वैमानिक होते, इंजिनंही ठणठणीत होती. उभ्या विमानाची नियंत्रणाची पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला लॉक काढायचा राहिला, आणि त्यात ते गेले. त्यानंतर वैमानिकांच्या हाती चेकलिस्ट देण्याची पद्धत रुजली.

म्हणून प्रत्येक ओळ मोठ्याने वाच, वस्तूला हात लाव, डोळ्यांनी बघ, मगच पुढे जा.

पावसाळ्यात इंधनाकडे जास्त लक्ष दे. टाकीच्या झाकणातून पाणी झिरपतं, अर्धवट टाकीत दमट हवेचंही पाणी होतं. पंखाखालच्या ड्रेनमधून नमुना काढून उजेडात धर. विमानाचं पेट्रोल निळसर दिसतं. पाणी जड, ते तळाशी थेंब होऊन बसतं. थेंब दिसला तर पुन्हा काढ, स्वच्छ येईपर्यंत काढ. नमुना पूर्ण बिनरंगी दिसला तर खूश होऊ नकोस; ते नुसतं पाणीही असू शकतं.

योक, म्हणजे हातातलं सुकाणू, मोकळा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नकोस. अंगठे वर ठेवून तो डावीकडे वळव. अंगठे ज्या बाजूला झुकतील त्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेचं हलतं पातं, वर उठलं पाहिजे. दुरुस्तीहून आलेल्या विमानात तारा उलट जोडल्या गेल्याची उदाहरणं आहेत. पिटो नळीवरचं कव्हर काढलं का, तेही बघ. ते राहिलं तर धावपट्टीवर वेगाचा काटा हलणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. मध्येच रेडिओवर कुणी बोललं, कुणी हाक मारली, तर 'बहुतेक इथवर आले होते' असं म्हणू नकोस. यादी पहिल्यापासून सुरू कर. मागे कुणी खोळंबलं असेल तर खोळंबू दे. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून कुणी जीव गमावत नाही.

शंका राहिली तर त्या दिवशी उडू नकोस. परत फिरण्यात कमीपणा नाही; तो निर्णय घेता येणं हाच वैमानिकाचा पहिला गुण. उतरलीस की आधी ताईला फोन कर.

तुझा,
मामा