खन्सा नावाबद्दल

प्रिय समीना,

लेकीचं नाव खन्सा ठेवायचं तुझ्या मनात आहे, आणि सासरी कुणीतरी मोबाइलवर बघून ‘चपट्या नाकाची’ असा अर्थ सांगितल्यापासून तू बिचकली आहेस. अर्थ खोटा नाही. पण तेवढ्यावर नाव सोडू नकोस.

अरबीत रंग आणि शरीराची ठेवण सांगणारे शब्द एका ठरलेल्या साच्यात घडतात. अहमर म्हणजे लाल, त्याचं स्त्रीलिंग हम्रा. ग्रॅनाडाचा अल्हम्ब्रा त्यातलाच. अझहर म्हणजे तेजस्वी, त्यावरून आपल्या घरोघरची झहरा. तशीच अख्नसवरून खन्सा: जिचं नाक बसकं आणि शेंड्याला जरा वर उचललेलं आहे ती. अरब हा शब्द हरणीला आणि रानगाईला लावत. ज्या कवितेत हरणीचे डोळे आणि मान ही सौंदर्याची मापं होती, तिथं तिच्या नाकाचंही कौतुकच होतं.

तुझ्या सासूबाईंना सूरह नासमधला ‘खन्नास’ आठवला, तेही साहजिक आहे. धातू एकच, मागे सरणं. खन्नास म्हणजे अल्लाहचं नाव घेताच मागे सरणारा सैतान. पण सूरह तक्वीरमध्ये त्याच धातूचा शब्द दृष्टीआड होणाऱ्या ताऱ्यांसाठी आला आहे. त्यांना हे नीट, आदरानं सांग. वाद घालू नकोस.

आणि ज्या बाईमुळे हे नाव टिकलं, तिची ओळख करून दे. खरं नाव तुमादिर बिन्त अम्र, नज्दमधल्या बनू सुलैम टोळीची. खन्सा हे तिचं टोपणनाव. मुआविया आणि सख्र हे तिचे भाऊ टोळ्यांच्या लढायांत गेले. सख्र तर जखमी होऊन कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होता. त्यांच्यावर तिनं जे शोककाव्य रचलं, तसं अरबीत दुसऱ्या कुणाला साधलं नाही असं मला मनापासून वाटतं. मर्सिया म्हटलं की आपल्याला करबलाच आठवतो; ही त्याच्याही आधीची. ताइफजवळच्या उकाझच्या बाजारात नाबिगासारखा बुजुर्ग कवी निवाडा करायला बसे, तिथं तिनं पुरुषांच्या बरोबरीनं कविता म्हटल्या. पुढं तिनं इस्लाम स्वीकारला, आणि पैगंबरसाहेब तिच्या कविता आवडीनं ऐकत असं परंपरा सांगते. कादिसियाच्या लढाईत तिचे चार मुलगे शहीद झाले, असंही सांगतात.

सातव्या दिवशी अकीका कराल तेव्हा नाव घरात जाहीर करा. पालिकेत जन्माची नोंद २१ दिवसांत हवी, पण नाव पुढं वर्षभरात घालता येतं. त्यामुळे सासूबाईंना पटेपर्यंत थांबायला हरकत नाही. फॉर्मवर ‘खन्सा’ असा न अर्धा लिहायला सांग, आणि दाखला हातात घेण्याआधी मराठी-इंग्रजी दोन्ही अक्षरं तपासून घे.

तुझी,
मोठी खाला