कुचल्याचे शोधन : अल्कलॉइडांच्या दृष्टीने

पुण्यातील आमच्या चिकित्सालयात आमवाताच्या एका रुग्णास विषतिंदुक वटी सुरू असता जबडा आखडू लागला. दार आपटले तरी तो दचके. वटी थांबविताच दोन दिवसांत तो पूर्ववत झाला. ज्या औषधशाळेतून वटी आली होती, तेथील ‘शोधित’ बीजे आम्ही मागवून पाहिली. काहींवर रेशमी लवेची साल तशीच होती, बहुतेकांतील अंकुरही काढलेला नव्हता.

कुचला म्हणजे कोकण-गोव्यातील काजरा. त्याच्या बीजांत सुमारे अडीच ते तीन टक्के अल्कलॉइडे असतात, मुख्यत्वे स्ट्रिक्निन व ब्रुसिन. पेलेतिए व काव्हांतू यांनी 1818 साली वेगळे केलेले स्ट्रिक्निन पाण्यात जेमतेम, क्लोरोफॉर्ममध्ये मात्र सहज विरघळते. त्यास उत्तेजक म्हणतात, परंतु ते नवी चेतना देत नाही. मज्जारज्जूत चेतापेशींना आवर घालणाऱ्या ग्लायसिनचे ग्राहक ते अडविते; लगाम सुटतो, म्हणून किंचित आवाजानेही आक्षेप येतात.

शास्त्रोक्त शोधनात बीजे सात दिवस गोमूत्रात ठेवून नंतर दोलायंत्राने गोदुग्धात स्वेदन करतात; साल व अंकुर काढून गोघृतात भर्जन करतात. अल्कलॉइडे द्रवात उतरतात, आणि द्रव संपृक्त झाला की उतरणे मंदावते. गोमूत्र रोज बदलण्याचे मर्म हेच. काम वाचविण्यासाठी नेमकी हीच पायरी गाळली जाते! उष्णतेने उरलेल्या स्ट्रिक्निनचा काही भाग आयसोस्ट्रिक्निन व नायट्रोजन-ऑक्साइड अशा सौम्यतर रूपांत बदलतो. टाकलेले गोमूत्र व दूध मात्र विषारीच समजावे. ते गुराढोरांच्या तोंडी लागू देऊ नये.

चवीवर विसंबू नये. लाखात एक भाग स्ट्रिक्निनही जिभेस कडू लागते, तेव्हा शोधित व अशोधित दोन्ही चूर्णे कडूच. बीजाच्या कापावर तीव्र नायट्रिक आम्लाचा थेंब टाकल्यास ब्रुसिनमुळे नारिंगी-पिवळा रंग येतो. अशोधित बीजाचा काप शेजारी ठेवून तुलना करावी. ही केवळ प्राथमिक चाचणी होय. प्रमाण हवे असल्यास प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

विषमुष्टी अनुसूची ई(1) मध्ये असल्याने वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. शोधित चूर्णाची रूढ मात्रा 60 ते 125 मिलिग्रॅम. आम्ही लहान मात्रेपासून आरंभ करतो आणि नव्या घाण्याची वटी आल्यास पुन्हा तेथूनच.