मुंबईत दोन महिन्यांसाठी कॉट शोधताना

आधी ऑफिसचा नेमका पत्ता माग. ‘मुंबईत आहे’ एवढ्यावर जागा शोधायला निघू नकोस. बीकेसी, अंधेरी, पवई, महापे म्हणजे चार वेगळी गावं. मग अंतर बघत बसू नकोस, गाडी किती वेळा बदलावी लागते ते बघ. डोंबिवलीहून घाटकोपर लांब दिसतं, पण एका गाडीचं काम. त्याहून जवळ राहून लोकल, मेट्रो आणि शेअर रिक्षा करणारी पोर संध्याकाळी जास्त दमलेली असते. सकाळचा मोठा लोंढा चर्चगेट-सीएसएमटीकडे जातो. ऑफिस अंधेरीला असेल तर दादर-माटुंग्याहून उलट्या दिशेने जाणं त्यातल्या त्यात सुसह्य. भाडं जास्त पडेल, पडू दे. आणि बोरिवलीला राहिलीस तर संध्याकाळची विरार फास्ट धरू नकोस. विरारला जाणाऱ्या बायका तुला उतरायला दारापर्यंत पोचू द्यायच्या नाहीत.

फ्लॅटच्या फंदात पडू नकोस. अकरा महिन्यांचा करार, जाडजूड डिपॉझिट, वर दलालाला महिन्याचं भाडं. दोन महिन्यांसाठी हे कोण करतं? पीजीमध्ये कॉट बघ. परीक्षा संपल्या की कॉलेजच्या मुली गावी जातात, मे महिन्यात कॉट रिकाम्या पडतात आणि मालकीणबाईंचा सूर जरा मऊ होतो. घासाघीस तेव्हाच कर. मात्र नवे प्रवेश सुरू झाले की ‘वर्षभराची मुलगी मिळाली’ म्हणून तुला हलवणार नाहीत ना, हे आधीच विचार आणि तारखा पावतीवर लिहून घे. नोकरदार महिलांची वसतिगृहं, ज्ञातिसंस्थांची वसतिगृहं यांनाही फोन कर. कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र, आधारची प्रत आणि फोटो पिशवीतच ठेव.

जागा न बघता टोकन पाठवायचं नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा भेटला की फोन ठेवून दे. डिपॉझिट परत करतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला तरी तेच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

बघायला रविवारी जाऊ नकोस. मेगाब्लॉक असतो आणि खरी गर्दी कळत नाही. सोमवारी सकाळी जा, आंघोळीच्या वेळेला. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेलाच येतं. किती वाजता, किती वेळ आणि एका बाथरूमला मुली किती, हे विचार. मे महिन्यात तलाव खाली गेले की कपातही होते. नळ स्वतः सोडून बघ, लाज कसली त्यात?

तू उन्हाळ्यात जागा घेशील, पण राहशील पावसातही. साधारण ११ जूनच्या आसपास तो येतो. हिंदमाता, सायनचं गांधी मार्केट, मिलन सबवे ही नावं पाणी तुंबल्याच्या बातम्यांत ऐकली असशील. त्या बाजूला तळमजला नको. कोपऱ्यातल्या एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर मागे ओल असणार असं धर. मालकाला विचारशील तर म्हणेल, इथे थेंबसुद्धा साचत नाही. खरं सांगेल तो इस्त्रीवाला. २६ जुलै २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे जुना इस्त्रीवाला बोटाने दाखवतो. कुठल्या बिल्डिंगमध्ये कॉट रिकामी होतेय, कुठली बाई डिपॉझिट परत देताना रडवते, हेही त्याला ठाऊक. दोन कुडते इस्त्रीला टाक आणि उभी राहून बोल.

शोधाशोध होईपर्यंत आमच्याकडे मुलुंडला ये. चार-पाच दिवस हक्काने राहा. दोन महिने मात्र राहू नकोस, आत्या असले तरी सांगते. वन बीएचकेत तुझे रात्रीचे फोन आणि आमचा पहाटे पाचचा गजर यांचं जमायचं नाही.

सामान टाकलंस की कपाट, गादी, भिंत, सगळ्यांचे फोटो मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठव. निघताना डिपॉझिटमधून काय कापायचं यावर त्या बोलायला लागल्या की ते फोटो उघड.