ट्रॉली मागं घेणारं लेकरू

गेल्या हंगामात कळंब तालुक्यातले एक आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की टोळी निघते आणि शिमगा-पाडव्याच्या सुमारास परत येते. तोवर दोन नातवंडं आजी-आजोबांपाशी असतात. फडावरून लेकरांशी बोलता यावं म्हणून बापानं घरात एक मोबाइल ठेवला होता. तक्रार नातवाच्या डोळ्यांची होती, पण आजोबांच्या मनात दुसरंच होतं. "डाक्टरसाहेब, जरा वेळ घावला की हे त्या मोबाइलात ट्रॅक्टर पळवत बसतंय. वाया तर न्हाई ना जायचं लेकरू?"

मुलगा बारा वर्षांचा, मान खाली घालून बसलेला. मी त्याला विचारलं, "ट्रॅक्टर पळवणं सोपं आहे. ट्रॉली जोडून मागं घेता येते का?"

त्यानं मान वर केली. माझ्या टेबलावरची औषधांची दोन खोकी एकामागं एक ठेवली आणि सांगायला लागला, "ट्रॉली उजवीकडं न्यायची तर आधी स्टेअरिंग डावीकडं फिरवायचं. ती वळाया लागली की लगेच उलटं सोडायचं. न्हाईतर ट्रॉली ट्रॅक्टरलाच येऊन धडकती." आजोबा म्हणाले, "कारखान्याच्या वजनकाट्यावर भल्याभल्या ड्रायव्हरला हे जमत न्हाई."

मोबाइलवरच्या खेळांबद्दल असा प्रश्न मला धाराशिव शहरातले नोकरदार आई-बाबाही विचारतात आणि परंडा-भूमकडचे शेतकरीही. म्हणून आज त्याचंच सविस्तर उत्तर देतो. त्या मुलाच्या हाताला जे कळलं होतं, त्याचा माझ्या व्यवसायाशी जवळचा संबंध आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पोटाला लहान छिद्रं पाडून त्यातून दुर्बीण आणि लांब दांड्याची हत्यारं आत घालतात. सर्जनचे हात रुग्णाच्या पोटापाशी असतात, पण नजर समोरच्या पडद्यावर. शिवाय हत्याराचा टेकू पोटाच्या भिंतीवर असतो, त्यामुळे हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. म्हणजे ट्रॉलीचंच गणित! शिकाऊ डॉक्टरांना ही उलटी दिशा अंगवळणी पडायला बरेच दिवस लागतात.

२००७ साली न्यूयॉर्कमधल्या डॉ. जेम्स रॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ डॉक्टरांचा यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाचे ठरावीक धडे त्यांनी या डॉक्टरांकडून करून घेतले आणि व्हिडिओ गेम किती खेळता, पूर्वी किती खेळायचात, हेही विचारलं. पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त खेळलेल्यांच्या हातून ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांचं काम २७ टक्के अधिक वेगानं उरकलं.

हा अभ्यास वाचताना थोडं थांबायला हवं. परीक्षा सरावाच्या धड्यांची होती, खऱ्या रुग्णांवरच्या शस्त्रक्रियांची नव्हे. डॉक्टर अवघे ३३. ज्यांचा हात मुळातच चपळ होता तेच गेमकडे वळले असतील, हेही शक्य आहे. आणि एक शब्द नीट वाचा: तीन तास आठवड्याला. दिवसाला ते पंचवीस मिनिटांच्या आसपास होतात. आमच्याकडे येणारी काही मुलं तीन तास एका बैठकीत संपवतात. त्यांच्या आई-बाबांनी या अभ्यासाचा आधार घेऊ नये.

मग गेममुळेच खरोखर काही घडतं का? २००३ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी गेम न खेळणाऱ्या माणसांचे दोन गट केले आणि दोन्ही गटांना दहा दिवस रोज एक तास खेळायला लावलं. एका गटाला वेगवान चकमकीचा गेम दिला. त्यात चहूबाजूंनी काय येतंय यावर लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्या गटाला टेट्रिस दिला, वरून पडणारे ठोकळे एकेक बसवायचा. पहिल्या गटाची एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवण्याची क्षमता वाढली, टेट्रिसवाल्यांची तशी वाढली नाही. वेळ दोघांनीही सारखाच दिला होता. खेळ जे करायला लावतो तेच वाढतं, जे करायला लावत नाही ते वाढत नाही. माझ्या मते आई-बाबांनी गेमबद्दल हे एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी निम्मे निर्णय सोपे होतात.

ट्रॅक्टरच्या गेमलाही हेच लागू. त्यातून मुलाला दिशा कळली. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, उतारावरचा ब्रेक, चिखलात रुतलेलं चाक, पीटीओच्या, म्हणजे मागचं यंत्र चालवणाऱ्या, फिरत्या दांड्यात अडकणारा कपडा यांची जाण त्यातून आली नाही, येणारही नाही. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्राखाली सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून त्या आजोबांना मी हात जोडून सांगितलं की अठरा पूर्ण होऊन लायसन मिळेपर्यंत याला खऱ्या ट्रॅक्टरवर बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

खेळ जे करायला लावतो तेच वाढतं, या नियमाची दुसरी बाजू बुद्धी वाढवण्याच्या जाहिरातींत दिसते. आमचे कोडी-गेम खेळा, शाळेत मार्क वाढतील, म्हातारपणी स्मरणशक्ती टिकेल, असं सांगणाऱ्या ल्युमोसिटी अ‍ॅपच्या कंपनीला पुराव्याविना दावे केल्याबद्दल २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. कोडं रोज सोडवलं की ते कोडं चांगलं सुटायला लागतं. त्यानं सातवीचं गणित आपोआप सुधारत नाही. मुलाच्या बुद्धीसाठी कुणी असं अ‍ॅप विकत घ्यायला सांगितलं, तर ते पैसे गोष्टीच्या पुस्तकांवर खर्च करा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. घरात मोबाइल एकच असेल तर तो खेळायला मुलाच्या हातात जातो. मुलगी पाणी भरते, भाकरी थापायला बसते, नाहीतर धाकट्याला सांभाळते. हा मला नुसता वागणुकीचा प्रश्न वाटत नाही. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून ती दुसऱ्या बाजूनं कशी दिसेल हे ओळखण्याची एक क्षमता असते. भूमिती, आयटीआयचं ड्रॉइंग, इंजिनिअरिंग, आमचं एक्स-रे वाचन या सगळ्यांत ती लागते. तिच्या चाचण्यांत मुलं सरासरीनं मुलींच्या पुढे दिसत आली आहेत. २००७ मध्ये टोरंटो विद्यापीठात जिंग फेंग, इयान स्पेन्स आणि जे प्रॅट यांनी गेम न खेळणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींना एक वेगवान गेम फक्त दहा तास खेळायला दिला. प्रगती दोघांचीही झाली, पण मुलींची जास्त, आणि दोघांतलं अंतर कमी झालं. जी दरी आपण जन्मजात म्हणून सोडून देतो, तिचा काही भाग सरावानं भरून निघतो. तो सराव कुणाला मिळतो, हे आपल्या घरात आपणच ठरवत असतो.

मुलींसाठी गेम बनवण्याचीही वाट आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला आणि तो परदेशांतही खेळला गेला. त्यातली नायिका आपल्या पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी आहे. ज्या मुलीला चित्रं काढायला आवडतात, जिला गोष्टी रचता येतात, तिला असे गेम माणसंच बनवतात आणि ते काम आपल्या महाराष्ट्रातही होतं, एवढं तरी सांगा.

आता खो-खोकडे येतो, कारण धाराशिवच्या डॉक्टरनं खेळ आणि कौशल्य यावर लिहायचं आणि खो-खो टाळायचा, हे व्हायचं नाही. आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पाठलाग करणाऱ्याला मागं फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही, पळणाऱ्याला दोन्ही बाजू मोकळ्या. पुढचा कुठं वळेल हे पावलावरून ओळखायचं आणि क्षणात खो द्यायचा. चहूबाजूंनी नजर, झटपट निर्णय, चूक पचवून पुढचा डाव खेळणं, चांगल्या गेममधून मिळणारं हे सगळं खो-खोत आहेच. वर छाती, मांड्या, हाडं आणि रात्रीची गाढ झोप ही कमाई वेगळी.

तरी पडद्याला मी शत्रू म्हणत नाही. पायाला अपघात झालेल्या, सांधे दुखणाऱ्या, घरातून बाहेर पडता न येणाऱ्या मुलाला गेम हा मोठा आधार असतो. पक्षाघाताच्या रुग्णांचा हात पुन्हा चालता व्हावा म्हणून हालचालींवर चालणारे गेम जगभर वापरून पाहिले गेले. २०१६ मध्ये डॉ. गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या गटानं १४१ रुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष मांडला. नेहमीच्या व्यायामोपचाराबरोबर अर्ध्या रुग्णांना टीव्हीसमोर खेळायचा गेम दिला आणि बाकीच्यांना पत्ते, चेंडू, ठोकळे असे साधे खेळ. हात दोन्ही गटांत सारखेच सुधारले. म्हणून लकवा झालेल्या आजींसाठी महागडं यंत्र आणू का, असं कुणी विचारलं की मी सांगतो, फिजिओथेरपी चुकवू नका आणि जोडीला नातीला सागरगोटे घेऊन त्यांच्यासमोर बसवा. हात पुन्हापुन्हा हलला पाहिजे आणि मन त्यात रमलं पाहिजे, उपयोग त्याचा आहे.

आता घरी काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे मुलाच्या शेजारी बसून त्याचा गेम एकदा पूर्ण बघा. मग त्याला विचारा: इथं तू असं का केलंस? हरलास तेव्हा पुढच्या वेळी काय बदललंस? हे दुसरीकडे कुठं चालेल? हातानं शिकलेलं तोंडानं सांगायला लागलं की मूल त्यावर विचार करायला लागतं. ट्रॅक्टरवाल्या मुलाला मी खोक्यांचं चित्र कागदावर काढायला लावलं, कोन मोजायला सांगितलं आणि ते शाळेत गणिताच्या गुरुजींना दाखवायला सांगितलं. बांधकामाचे, शेतीचे, नकाशांचे, कोड्यांचे, बुद्धिबळाचे गेम निवडा. थांबून विचार करायला जागा असलेला गेम बरा. दर मिनिटाला बक्षीस उधळणारा आणि थांबलं की परत बोलावणारा गेम काढून टाका.

शाळकरी मुलाला रोज अर्धा-पाऊण तास पुरे. पाच वर्षांखालच्यांना खेळायला मोबाइल देऊच नका, असं माझं मत आहे. जेवताना आणि झोपण्याआधी तासभर पडदा बंद. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्री बारापर्यंत गेम खेळणारं मूल गेममधलं आणि शाळेतलं, दोन्हीकडचं शिकणं घालवून बसतं. डोळ्यांसाठी वीस मिनिटांनी एकदा लांबच्या झाडाकडे पाहायची सवय लावा आणि उजेडात खेळायला सोडा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची मोकळ्या हवेत काढायला लावली. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचं अंधूक दिसू लागलं होतं. बाकी शाळांत हे प्रमाण जवळपास ४० टक्के होतं.

ज्या खेळात पैसे लावावे लागतात, तो माझ्या लेखी गेम नाही. ऑनलाइन रमीच्या जाहिराती त्याला कौशल्याचा खेळ म्हणायच्या. त्यापायी कर्ज झालेले आणि झोप उडालेले तरुण माझ्यासमोर बसून रडले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तरीही घरातल्या तरुणाचे पैसे कुठं जातात, यावर लक्ष असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत गेमिंगचा विकार १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. नुसतं जास्त खेळणं म्हणजे हा विकार नव्हे. खेळण्यावर ताबा न राहणं, अभ्यास-जेवण-मैत्री सगळ्याच्या आधी गेम येणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर चाललं असेल तर तो विकार मानतात. पण वर्षभर वाट बघू नका. मुलगा शाळा टाळतोय, मोबाइल घेतला की अंगावर धावून येतोय, जेवण तुटलंय, असं दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथं दिवसरात्र बोलता येतं. अशा वेळी मारू नका. पुष्कळदा गेमच्या मागं एकटेपणा असतो, आणि आई-बाप शेकडो मैलांवर फडात असलेल्या लेकराला तो जास्तच असतो.

त्या नातवाचे डोळे तपासून घेतले. नंबर नव्हता, टक लावून कोरडे पडले होते. महिन्यानं आजोबा पुन्हा आले तेव्हा नातही सोबत होती, आठवीतली. मी तिला विचारलं, तू खेळतेस का? तिनं भावाकडे पाहिलं. आजोबांनी खिशातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला. दोनदा तिची ट्रॉली कुंपणाला धडकली. तिसऱ्यांदा तिनं स्टेअरिंग थोडंसंच फिरवलं, लगेच उलटं सोडलं आणि ट्रॉली सरळ शेडात गेली. भाऊ म्हणाला, "आता उतारावरनं घेऊन दाखव."