कोडगा म्हणण्याआधी

“कितीही मारा, डोळ्यांत टिपूस नाही. कोडगाच झालाय!” पोटच्या मुलाबद्दल असं बोलणाऱ्या आईच्या रागाखाली भीती असते.

आधी एक फरक ओळखा. संतापून कंपास फेकणारा, पण तासाभराने आईच्या कुशीत मुसमुसणारा मुलगा तापट असतो. आपण चुकलो हे त्याला आत कुठेतरी लागलेलं असतं. बहिणीचं बोट आपण दारात चेंगरलं, ती किंचाळतेय, आणि हा टीव्हीसमोर शांतपणे पोहे खातोय, हे प्रकरण वेगळं. डीएसएम-5 या 2013च्या अमेरिकी निदानग्रंथात वर्तनविकार असलेल्या मुलांमधल्या अशा गटाची स्वतंत्र नोंद आहे: पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुःखाची कदर नाही, अपयशाचं काही वाटत नाही, भावना वरवरच्या. यातली किमान दोन लक्षणं वर्षभर, घरी-दारी सगळीकडे दिसायला हवीत. एका प्रसंगावरून शिक्का मारायचा अधिकार कुणालाच नाही, आत्या-मावशांना तर मुळीच नाही.

ही वृत्ती बऱ्याच अंशी जन्मतः येते, म्हणून “तुम्हीच लाडावून ठेवलंत” हे ऐकून खचू नका. पण जन्मतः आली म्हणून ती अटळ नसते. दत्तक मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात, जन्मदात्या आईकडून असा धोका आलेल्या मुलांनाही दत्तक आईच्या भरभरून कौतुकाने सावरलेलं दिसलं.

माराने मात्र काही साधत नाही. शिक्षेची धास्तीच या मुलांना कमी असते. कोपऱ्यात उभं केलं तरी फारसा फरक पडत नाही, बक्षिसाला आणि शाबासकीला मात्र ती दाद देतात. ऑस्ट्रेलियातल्या मार्क डॅड्स यांच्या प्रयोगात अशा मुलांना भेदरलेला चेहरा ओळखता येईना. “डोळ्यांकडे बघ” म्हटल्यावर ओळखता आला. तेव्हा “आधी सॉरी म्हण” हा हट्ट सोडा. घोकलेलं सॉरी फुकटचं. त्याला जवळ घ्या, म्हणा, “ताईच्या डोळ्यांकडे बघ. किती दुखतंय तिला! जा, बर्फ आण.” आणला, की लगेच, मनापासून कौतुक करा. दहादा करावं लागेल, वैताग येईल, तरी करा.

मुक्या जनावरांना छळणं, आग लावणं, धाकट्यांना ठरवून इजा करणं असं काही दिसलं, तर मात्र “मोठा झाला की सुधारेल” म्हणत बसू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठा. कुठे जावं कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.